धर्माप्पाची खुर्ची

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना मास्तरांच्या भांडणांची गोष्ट काढू नये, एवढे मला कळते. चकलीचा तुकडा मोडता मोडता कोणी हजेरीपटाची आठवण काढली, तर घरातली मंडळी उठून जातील. पण ज्याच्या नात्यागोत्यात एखादा मास्तर किंवा एखाद्या बाई नाहीत असे मराठी घर विरळा, आणि ज्या घरात मास्तर आहे तिथे जेवताना हेडमास्तरांचे नाव निघाले नाही असा दिवसही विरळाच. तेव्हा विषय तसा घरचाच आहे. तो मी एका नाटकाच्या निमित्ताने मांडणार आहे, आणि नाटकही आमच्या नाशिकच्याच लेखकाचे आहे.

वसंत कानेटकरांचे 'अश्रूंची झाली फुले' १९६६ साली रंगभूमीवर आले. कानेटकर आमच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात मराठी शिकवीत. 'वेड्याचं घर उन्हात', 'प्रेमा तुझा रंग कसा', 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकांनी त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले होते. तरी नाशिककरांच्या लेखी ते 'आपले कानेटकर सर' होते. त्यांनी शिक्षकावर नाटक लिहिले आहे हे कळल्यावर आम्हा तरुण मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढले. मी नुकताच एका माध्यमिक शाळेत लागलो होतो. पुढच्या वर्षी प्रयोग पाहायचा योग आला, तेव्हा आम्ही पाच मास्तर पगारातले पैसे बाजूला काढून गेलो.

नाटकाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. विद्यानंद हे ध्येयवादी शिक्षक. संस्थेची सूत्रे हातात असलेला धर्माप्पा हा धनवान आणि कावेबाज माणूस. विद्यानंदांची सचोटी त्याला सलते, आणि तो त्यांना खोट्या आरोपात गुंतवून तुरुंगात पाठवतो. तुरुंगातून बाहेर येतात ते विद्यानंद निराळेच असतात. सूडाने पेटलेले, ज्या वाटेला कधी गेले नसते त्या वाटेला लागलेले. इकडे त्यांचा एके काळचा वांड विद्यार्थी लाल्या पोलीस अधिकारी झालेला असतो आणि एक दिवस गुरू आणि शिष्य समोरासमोर उभे राहतात. प्रभाकर पणशीकरांचा विद्यानंद आणि डॉक्टर काशिनाथ घाणेकरांचा लाल्या यांनी त्या काळी महाराष्ट्राला वेड लावले होते. १९६९ साली सत्येन बोस यांनी त्यावर 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपटही काढला आणि त्यात अशोककुमार होते.

मला सांगायची आहे ती मात्र प्रेक्षागृहातली गोष्ट. धर्माप्पाला विद्यानंद सडेतोड उत्तर देत होते आणि आम्ही पाच जण टाळ्या पिटत होतो. पिटता पिटता माझे लक्ष दोन रांगा पुढे गेले. तिथे आमचे हेडमास्तर बसले होते. तेही टाळ्या वाजवीत होते, आणि अगदी मनापासून! मी शेजारच्या मित्राला कोपराने ढोसले. "पाहिलेस का? स्वतःलाच टाळ्या देताहेत!" आम्ही तोंडे दाबून हसलो, कारण आमच्या लेखी धर्माप्पा म्हणजे आमचे हेडमास्तर.

पुष्कळ वर्षांनी मला उमगले, की हेडमास्तरांच्या लेखी धर्माप्पा म्हणजे आमच्या संस्थेचे सेक्रेटरी असणार. सेक्रेटरीसाहेब त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. त्यांच्याही टाळ्या पडल्याच असतील. त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होते ते सांगता येत नाही. बहुधा अनुदानाची फाइल अडवणारे कोणी शिक्षण खात्यातले गृहस्थ असावेत. सारांश, त्या प्रेक्षागृहात विद्यानंदांच्या खुर्चीत बसायला शेकडो माणसे होती, आणि धर्माप्पाची खुर्ची रिकामीच राहिली होती.

या नाटकाबद्दल माझी जी तक्रार आहे ती इथून सुरू होते. खलपुरुष इतका काळा रंगवला, की त्यात कोणाला आपला चेहरा दिसत नाही. प्रत्येक जण आपापला अपमान घेऊन नाटकाला जातो आणि तो अपमान धुऊन, इस्त्री करून घेऊन परत येतो. नाटक रंगते, पण शाळेतले माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मस्टरवर सही करायला जाते ते आदल्या दिवशीपेक्षा थोडे अधिक ताठ मानेने आणि थोड्या अधिक बंद मनाने.

शाळेतली खरी भांडणे कशावरून होतात? तिथे अपहार नसतो, तुरुंग नसतो. वेळापत्रकात शेवटचा तास कोणाला लागला, ऑफ तास भरायला कोणाला पाठवले, टाचणवहीवर तांबड्या शाईने काय शेरा मारला, गोपनीय अहवालात कोणती श्रेणी दिली, स्नेहसंमेलनात कोणाचे नाव घ्यायचे राहिले, रजेचा अर्ज टेबलावर किती दिवस पडून राहिला. बाहेरच्या माणसाला ही सगळी राई वाटते. पण तीस-पस्तीस वर्षे ज्याला एकाच इमारतीत काढायची आहेत, त्याला या राईचेच पर्वत चढावे लागतात.

धर्माप्पासारख्यांना वेसण घालायचे काम पुढे कायद्याने बरेचसे केले. १९७७ साली महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९८१ साली त्याची नियमावली आली. कोणाला बडतर्फ केले, पदावरून खाली आणले किंवा बढतीत डावलले, तर त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येऊ लागली. मुख्याध्यापकाची जागा ज्येष्ठतेने भरण्याचा नियम झाला. शिक्षकाच्या पाठीला कणा आला तो पुष्कळसा या कायद्याने, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याबरोबर एक गंमत झाली. ज्येष्ठतेच्या यादीत जो तुमच्या वर, तो उद्याचा हेडमास्तर. आणि त्याच्या मागोमाग तुम्ही. काल शिक्षकखोलीत एका किटलीतला चहा पिणारी दोन माणसे आज टेबलाच्या दोन बाजूंना बसू लागली. यादीतल्या क्रमांकावरून मित्रांमधले बोलणे बंद झाले. आणि ज्या गोष्टींवरून मने खरोखर दुखावतात त्या तशाच राहिल्या. कारण आठवी ड कोणाला द्यावी, हे कोणता कायदा सांगणार?

आठवी ड हे नाव मी उगाच घेतलेले नाही. ते नाटक पाहिल्यावर दोन वर्षांनी माझ्याकडचे अकरावी अचे मराठी काढून मला आठवी ड देण्यात आली. शिपायाने चिठ्ठी आणून दिली. तीत दोन ओळी, कारण काही नाही. अकरावी म्हणजे तेव्हा मॅट्रिकचा वर्ग, शाळेतला मान. आणि आठवी ड म्हणजे ज्या पोरांना धड जोडाक्षर वाचता येत नाही त्यांचा तांडा. मी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि हेडमास्तरांशी पाच वर्षे कामापुरतेसुद्धा नीट बोललो नाही. विद्यानंदांचा अपमान मी माझा मानला होता, तेव्हा आता त्यांचा राग घेणेही ओघाने आलेच.

पुढे ज्येष्ठतेने मीही त्या खोलीत जाऊन बसलो. जुने कागद लावताना त्या वर्षीचे वेळापत्रक हाती लागले. त्याच्या कडेला हेडमास्तरांच्या अक्षरात माझ्या नावापुढे लिहिले होते, की ड तुकडीला वाचायला शिकवील असा हा एकच आहे. मी तो कागद हातात धरून किती वेळ बसलो होतो कोण जाणे. हे त्यांनी मला तोंडाने सांगितले असते तर! आणि मी एकदा जाऊन विचारले असते तर! दोन खोल्यांमध्ये वीस पावलांचा व्हरांडा होता. तो आम्हा दोघांपैकी कोणीच ओलांडला नाही.

यावर वाचक म्हणतील, की हे नाटककाराच्या माथी कशाला? कानेटकरांनी जे लिहायला घेतले ते लिहिले. तुमच्या व्हरांड्याचे नाटक लिहिण्याचा मक्ता त्यांनी घेतला नव्हता. आक्षेप रास्त आहे. न लिहिलेल्या नाटकाबद्दल लेखकाला दोष देणे हा टीकेचा धर्म नव्हे. म्हणूनच मी दुसऱ्यांदा हे नाटक पाहिले तेव्हा काय दिसले तेही सांगितले पाहिजे.

२०१८ साली घाणेकरांच्या आयुष्यावरचा मराठी चित्रपट आला, लोकांना लाल्याची पुन्हा आठवण झाली आणि त्यानंतर हे नाटकही नव्या संचात रंगभूमीवर आले. मुलीने तिकिटे काढली. पन्नासाहून अधिक वर्षांनी मी पुन्हा विद्यानंदांसमोर बसलो. या खेपेला मी टाळ्या कमी वाजवल्या आणि पाहिले अधिक. तेव्हा ध्यानात आले, की नाटकाचा खरा गाभा पहिल्या भागात नाहीच. तो आहे तुरुंगानंतरच्या विद्यानंदांत. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस त्या अन्यायाच्या जोरावर स्वतःला सगळ्यातून सूट देतो. माझे वाटोळे झाले, तेव्हा आता मी करीन ते योग्य, असे तो मानू लागतो. धर्माप्पाशी लढता लढता त्याचीच हत्यारे हाती घेतो. कानेटकरांनी धर्माप्पाच्या रिकाम्या खुर्चीत खुद्द विद्यानंदांना आणून बसवले होते, आणि आम्ही ते १९६७ साली पाहिलेच नव्हते!

पाहिले का नाही? त्याला थोडे नाटकही कारणीभूत आहे असे मला वाटते. विद्यानंदांच्या अधःपाताकडे नजर लागावी तोच लाल्या येतो, आणि लाल्या आला की बाकी सगळे मागे पडते. घाणेकरांच्या झंझावातात तर ते पडलेच. पण मूळ संहितेतही लाल्याला अशी काही झळाळी आहे, की गुरूच्या मनातला काळोख डोळ्यांना दिसेनासा व्हावा. शेवटी अश्रूंची फुले होतात, शिष्याच्या रूपाने गुरूचे शिकवणे कामी येते, आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो. हा शेवट मला पूर्वी फार आवडे. आता वाटते, तो थोडा घाईने आला आहे. अन्याय सोसलेला माणूस अन्याय करू लागतो, या जाणिवेपाशी नाटक क्षणभर अधिक थांबले असते, तर आमच्यासारख्या मास्तरांवर त्याचे मोठे उपकार झाले असते.

मध्यंतरात एक बाई भेटायला आल्या. मी हेडमास्तर असताना त्या आमच्याकडे मराठी शिकवीत. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर हसून म्हणाल्या, "सर, रागावणार नसाल तर एक सांगते. तेव्हा शिक्षकखोलीत तुम्हांला काय म्हणत असत, माहीत आहे? धर्माप्पा!"

मी हसलो खरा. पण घशात काहीतरी अडकले. या बाईंकडची दहावी काढून मी त्यांना आठवी ड दिली होती. त्या उत्तम शिकवीत, म्हणूनच दिली होती. आणि चिठ्ठी शिपायाच्या हाती पाठवली होती. कारण लिहिले नव्हते. ते कडेला टिपलेले वेळापत्रक माझ्याच टेबलाच्या खणात असताना मी हे केले! ज्या घावाची खूण माझ्या अंगावर होती तोच घाव मी पुढच्याला दिला, आणि तो देताना मला खूण आठवली नाही. "बाई, मी तेव्हा तुम्हांला बोलावून सांगायला हवे होते," एवढेच मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो सर. मी पुढे मुख्याध्यापिका झाले तेव्हा मला काय म्हणत होते, ते अजून कोणी सांगितलेले नाही." इतक्यात तिसरी घंटा झाली.

शाळेतल्या माणसांच्या भांडणाचे मोठे नाटक खलपुरुषावाचून होते, याला महाराष्ट्राच्या इतिहासातच पुरावा आहे. पुण्याची न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, नामजोशी. एवढी माणसे एका शाळेच्या शिक्षकखोलीत! त्यांतल्या टिळक-आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय. आणि मग भांडणे लागली. सामाजिक सुधारणांवरचा वाद सर्वांना ठाऊक आहे. पण शाळेच्या आत जो वाद पेटला तो पगारातल्या लहानशा वाढीवरून, आणि आजीव सभासदाने संस्थेबाहेरचे काम करावे की करू नये यावरून. टिळकांचे म्हणणे, सर्वस्व शाळेला द्यायचे ठरले आहे, नियम सर्वांना सारखा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, माणसाला संसार आहे आणि माणसाच्या कामाला शाळेच्या भिंतींपलीकडेही क्षेत्र आहे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा तो वाद शिगेला गेला, आणि १८९० च्या डिसेंबरात टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले.

यात धर्माप्पा कोण? कोणीच नाही. दोन्हीकडे त्यागी माणसे, दोन्हीकडे सत्याचा एकेक तुकडा. विश्राम बेडेकरांना या विषयात नाटक दिसले आणि त्यांनी 'टिळक आणि आगरकर' लिहिले, हे त्यांच्या जाणतेपणाचे लक्षण आहे. ते थोर पुरुषांचे नाटक असल्यामुळे आपण आदराने पाहतो. पण शाळेतले भांडण म्हणूनही ते पाहावे. आपल्या गावच्या शाळेत नियम सर्वांना सारखा म्हणणारे आणि माणसाची अडचण पाहा म्हणणारे आजही समोरासमोर बसलेले असतात. फक्त त्यांच्यावर कोणी नाटक लिहीत नाही.

इंग्रजीत एकाने लिहिले आहे. टेरेन्स रॅटिगन यांची 'द ब्राउनिंग व्हर्शन' ही एकांकिका १९४८ सालची. क्रॉकर-हॅरिस हा ग्रीक-लॅटिन शिकवणारा रूक्ष, मुलांना नकोसा झालेला मास्तर प्रकृतीमुळे वेळेआधी शाळा सोडतो आहे. हेडमास्तर फ्रोबिशर येतो. बोलणे गोड. पेन्शन मिळणार नाही, हे सांगतो. मग आणखी एक विनंती करतो. समारंभात ज्येष्ठ म्हणून शेवटचे भाषण क्रॉकर-हॅरिसचे. पण मुलांचा लाडका असलेला, क्रिकेट खेळणारा एक तरुण मास्तरही शाळा सोडतो आहे. तेव्हा तुम्ही आधी बोललात तर बरे, नाहीतर कार्यक्रम शेवटी रंगणार नाही. क्रॉकर-हॅरिस मान्य करतो. नाटकाच्या अगदी शेवटी तो टेलिफोन उचलतो आणि हेडमास्तरला सांगतो, की मी माझ्या हक्काप्रमाणे नंतरच बोलणार.

बस्स, एवढेच. तुरुंग नाही, सूड नाही, पोलीस नाही. भाषणाचा क्रम! पण ज्याने उभा जन्म शाळेत काढला आहे त्याला त्या टेलिफोनचे मोल विचारा. आणि हेडमास्तर फ्रोबिशर तरी दुष्ट आहे का? त्याला समारंभ नीट पार पाडायचा आहे. मीही शेकडो समारंभ पार पाडले, आणि प्रत्येक वेळी कोणाला ना कोणाला आधी बोलायला लावले असेल. ही एकांकिका वाचताना मी क्रॉकर-हॅरिसच्या खुर्चीत बसलो आणि फ्रोबिशरच्याही. कानेटकरांच्या नाटकात पहिल्यांदा मला ते जमले नाही; त्यासाठी पन्नास वर्षे आणि त्या बाई यांची गरज पडली.

तेव्हा 'अश्रूंची झाली फुले' थोर की नाही, असे कोणी मला विचारले तर मी म्हणेन, ते आपण समजतो त्याहून चांगले नाटक आहे आणि आपण त्याच्यावर ज्यासाठी प्रेम केले ते त्याचे सर्वांत चांगले अंग नव्हे. लाल्यासाठी अवश्य पाहावे. पण विद्यानंदांकडे नजर ठेवून पाहावे, विशेषतः ते तुरुंगातून परत आल्यावर. आणि ज्यांना लिहिता येते त्यांना माझी विनंती आहे, की आता शिक्षकखोली आणि हेडमास्तरांची खोली यांमधल्या त्या वीस पावलांचे नाटक लिहा. त्यात कोणाला काळा रंग फासू नका. शिपायाच्या हातात एक चिठ्ठी द्या, म्हणजे पुष्कळ झाले.

माझे हेडमास्तर कधीच गेले. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण करायला मला सांगितले होते. मी घसा बसल्याचे कारण दिले होते. घसा उत्तम होता. या लेखात मी जे त्यांच्याविषयी लिहिले, ते त्या दिवशी बोलायचे राहून गेलेले भाषण आहे असे समजावे. आणि ज्या घरात हा अंक जाईल त्या घरातल्या मास्तरांना किंवा बाईंना एवढेच सांगणे आहे, की सुटी संपवून शाळा उघडेल त्या दिवशी मस्टरवर सही करून झाली, की तो व्हरांडा एकदा ओलांडून पाहावा. आत जो बसला आहे त्यानेही वाट पाहू नये. उठून अर्ध्या वाटेपर्यंत यावे. फराळाचा डबा बरोबर असला तर उत्तमच.